कन्सोलवरची रेसिंग लीग: नोंदणीपासून निकालापर्यंतचा क्रम

लीग सुरू करायची म्हटलं की पहिल्या संध्याकाळी पोस्टर तयार होतं, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप निघतो आणि रविवारी पहिली शर्यत होते. नियम कुणीच लिहिलेले नसतात. मग दुसऱ्या फेरीत कुणीतरी कुणाला तरी वळणावर ठोकतो, ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात आणि चौथ्या फेरीला पाच जण उरतात. लातूर असो, परभणी असो की छत्रपती संभाजीनगर, बंद पडलेल्या बहुतेक लीगची हीच कथा. खेळणारे चांगले असतात, कामांचा क्रम उलटा असतो.

खालचा क्रम १२ ते १६ खेळाडू, आठ फेऱ्या आणि आठवड्याला एक शर्यत एवढं धरून लिहिला आहे. पहिल्या शर्यतीआधी तीन आठवडे हातात ठेवा.

## टप्पा १: खेळ आणि कन्सोल

आधी कुणाकडे काय आहे ते मोजा, खेळ नंतर ठरवा. ग्रॅन टुरिस्मो ७ फक्त प्लेस्टेशनवर चालतो. पीएस ४ आणि पीएस ५ वाले त्यात एकत्र खेळू शकतात आणि एका रूममध्ये, म्हणजे खेळातल्या ऑनलाइन खोलीत, १६ जण बसतात. एक्सबॉक्सवाले त्यात येऊच शकत नाहीत. गटात दोन्ही कन्सोल असतील तर एफ१ २३ किंवा एफ१ २४ बरा, कारण त्या फॉर्म्युला वनच्या खेळांत क्रॉस-प्ले आहे, म्हणजे वेगळ्या कन्सोलवाले एकत्र खेळू शकतात, आणि ग्रिड (सुरुवातीला उभ्या गाड्यांची रांग) २० गाड्यांची आहे. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेचं ड्रायव्हिंग अस्सल आहे, पण प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाले तिथेही एकमेकांबरोबर खेळू शकत नाहीत.

पुढची उदाहरणं ग्रॅन टुरिस्मो ७ ची आहेत. खेळ दुसरा असला तरी क्रम हाच.

तपासा: प्रत्येकाकडे ऑनलाइन खेळण्याचं सबस्क्रिप्शन चालू आहे का, आणि ते हंगाम संपेपर्यंत टिकतंय का. प्लेस्टेशन प्लस मध्येच संपलं की तो माणूस रूममध्ये येऊ शकत नाही, आणि हे नेमकं शर्यतीच्या रात्रीच लक्षात येतं.

## टप्पा २: वेळापत्रक

बऱ्याच घरांत टीव्ही एकच आणि कन्सोल त्यालाच जोडलेला. रात्री साडेनऊ-दहापर्यंत त्या टीव्हीवर मालिका असते, आणि आईच्या हातातला रिमोट कुठल्याही नियमावलीपेक्षा मोठा. त्यामुळे सव्वादहाच्या आत शर्यत ठेवू नका. आयपीएलच्या दिवसांत हेही जमत नाही. साडेसातचा सामना अकराच्या पुढे लांबतो.

हंगामासाठी सगळ्यात सोयीचा काळ दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा लागतात, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई आणि ऊन, जूनमध्ये पेरणी. उन्हाचा मुद्दा गमतीनं घेऊ नका. पीएस ५ साठी कंपनीनं दिलेली वापराच्या तापमानाची मर्यादा ५ ते ३५ अंश आहे. मे महिन्यात बीडला पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत रात्री दहालाही पारा याच्या वर असू शकतो. कूलर लावला तर त्याची ओली हवा थेट कन्सोलवर येणार नाही अशी जागा बघा.

रब्बीच्या दिवसांत एक गोष्ट शहरातल्या संयोजकांच्या ध्यानात येत नाही. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, कधी दिवसाची तर कधी रात्रीची. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याचं पोरगं हरभऱ्याला पाणी देत असतं, शर्यतीला येणार नाही. त्याला गैरहजेरीचा दंड लावणं मूर्खपणा आहे. उपाय सोपा: आठ फेऱ्यांपैकी सर्वोत्तम सहांचे गुण धरायचे. लाईट, परीक्षा, लग्न, पाणी, सगळं या दोन सुट्ट्यांत बसतं.

## टप्पा ३: नोंदणी

गूगल फॉर्म करा, उत्तरं शीटमध्ये येऊ द्या. ग्रुपवर "मी पण, मी पण" असली नोंदणी घेऊ नका. फॉर्ममध्ये एवढं हवं:

- नाव, गाव, व्हॉट्सॲप नंबर
- कन्सोलवरचा आयडी, अक्षर न् अक्षर
- गाडीचा नंबर, हंगामभर तोच
- इंटरनेट कसलं: फायबर, मोबाइल हॉटस्पॉट की आणखी काही
- कन्सोल लॅन केबलवर की वायफायवर
- घरी इन्व्हर्टर आहे का
- वय १८ च्या आत असेल तर घरच्यांची संमती

गाडीचा नंबर का, तर आयडी बदलता येतो. हंगामाच्या मध्यात कुणीतरी नवं नाव घेतो आणि शीटमध्ये एकाचे दोन खेळाडू होतात. नंबर कायम राहिला की हा गोंधळ होत नाही.

ग्रुप दोन करा. एकात फक्त ॲडमिन लिहिणार: तारखा, सेटिंग, निकाल. दुसरा गप्पांचा. एकाच ग्रुपवर दोन्ही चाललं तर रूम उघडल्याचा मेसेज मीम्सखाली गाडला जातो आणि "मला कुणी सांगितलंच नाही" ऐकावं लागतं.

## टप्पा ४: लाईन (इंटरनेट) आणि लाईट

लीग इथे सर्वाधिक फसते, म्हणून या टप्प्याला एक पूर्ण आठवडा द्या.

नॅट टाइप, म्हणजे कन्सोल इतरांच्या कन्सोलशी किती मोकळेपणी जोडला जातो ते. प्लेस्टेशनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये कनेक्शनची चाचणी घेतली की नॅट टाइप १, २ किंवा ३ दिसतो. १ किंवा २ असेल तर चालेल. ३ असेल तर तो खेळाडू काहींना दिसतो, काहींना नाही, आवाज तुटतो, रूममध्ये शिरताना एरर येतो. आपल्याकडे याची दोन कारणं नेहमीची. पहिलं, घरात दोन राउटर: फायबरवाल्यानं बसवलेला एक आणि त्याच्यापुढे आपण विकत आणलेला दुसरा. पहिल्याला ब्रिज मोडवर (फक्त लाईन पुढे देणारा) टाका किंवा कन्सोल थेट त्यालाच जोडा. दुसरं कारण म्हणजे मोबाइल कंपन्या आणि कित्येक स्थानिक फायबरवाले एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटतात. त्यावर घरात बसून इलाज नाही. फायबरवाल्याकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागावा लागतो आणि त्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात.

केबल. "माझा प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे" हे सांगून काही साधत नाही. शर्यतीला डेटा फार थोडा लागतो, पण तो अखंड लागतो. वायफायवर दर काही सेकंदाला अर्धा क्षण अडखळलं की इतरांच्या पडद्यावर तुमची गाडी उडी मारते आणि शेजारच्याला ढकलून देते. साधी कॅट ५ई केबल टाका. भिंत फोडायची गरज नाही, दाराच्या चौकटीवरून खिळे मारत न्या. ते जमतच नसेल तर राउटर कन्सोलच्याच खोलीत आणून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा.

हॉटस्पॉटवाल्यांना सरसकट बंदी घालू नका. हिंगोली-जालन्याच्या कित्येक गावांत तेवढंच आहे. त्यांना चाचणी शर्यत लावा. गाडी स्थिर दिसली तर येऊ द्या.

लाईट. घरात इन्व्हर्टर असला तरी लाईट जाताच कन्सोल बंद पडून परत सुरू होतो, अशी तक्रार सारखी येते. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं. ते चालू केलं की बदल लवकर होतो आणि कन्सोल सहसा तग धरतो. हे बटण कुणी पाहिलेलंच नसतं.

इन्व्हर्टर नसेल तर आधी राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. वीज पुष्कळदा दोन-चार सेकंदच जाते, पण राउटरला परत उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात. कन्सोल आणि टीव्हीसाठी कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटं ओढतो. शर्यत पुरी होणार नाही, पण झटका पार पडेल. मोटारवालं जड स्टिअरिंग व्हील त्या यूपीएसवर लावू नका. त्यासकट सगळंच बसेल.

सावधान: होस्ट, म्हणजे रूम उघडून चालवणारा, सगळ्यात वेगवान खेळाडू नसावा, सगळ्यात भरवशाची लाईन असलेला असावा: केबलवर, इन्व्हर्टरवर, नॅट टाइप २ किंवा १. त्याच्याइतकाच पक्का दुसरा होस्ट राखीव ठेवा आणि दोघांकडे रूमच्या सेटिंगचा एकच फोटो असू द्या.

## टप्पा ५: नियम लिहा, पोस्टर नंतर

दोन पानांपेक्षा मोठी नियमावली कुणी वाचत नाही. मराठीत लिहा, प्रत्येक नियमाला क्रमांक द्या. भांडण झालं की "नियम ४ बघ" एवढं म्हणता आलं पाहिजे.

चालवण्याचे नियम. पाच पुरेत.

१. आतल्या बाजूनं ओव्हरटेक करणाऱ्याची गाडी वळायला सुरुवात होण्याआधी शेजारी आलेली हवी. त्यानंतर नाक घुसवलं तर जबाबदारी घुसवणाऱ्याची.
२. बचावासाठी गाडीची वाट एकदाच बदलायची. ब्रेक लावल्यावर बदलायची नाही.
३. ट्रॅकबाहेर गेलेल्यानं मोकळी जागा बघूनच परत यायचं.
४. धडकेनं जागा मिळाली तर पुढच्या लॅपच्या (ट्रॅकच्या एका वळशाच्या) आत परत द्यायची.
५. एका लॅपनं मागे पडलेल्यानं सरळ पट्ट्यात वाट द्यायची, वळणात एकदम ब्रेक मारून नव्हे.

दंडाचा तक्ता. शर्यतीआधी जाहीर करा. जागा परत दिली तर दंड शून्य. धडकेनं जागा मिळवून ठेवली तर ५ सेकंद. समोरचा गिरकी खाऊन मागे पडला तर १० सेकंद. धोकादायक पद्धतीनं ट्रॅकवर परतला तरी १० सेकंद. मुद्दाम ठोकलं तर ती फेरी बाद. सेकंद एकूण वेळेत मिळवून निकाल नव्यानं लावायचा.

तुटलेल्या कनेक्शनचा नियम. हा नसला की सगळ्यात कडू भांडणं होतात. एकट्याचं कनेक्शन गेलं तर शर्यत थांबत नाही. पूर्ण रूम कोसळली तर तीन भाग करा. अंतराच्या पहिल्या तृतीयांशात कोसळली तर मूळ ग्रिडवरून नवी सुरुवात. तृतीयांश ते तीन चतुर्थांशात कोसळली तर शेवटच्या पूर्ण लॅपच्या क्रमानं ग्रिड लावून उरलेले लॅप. त्यापुढे कोसळली तर शेवटच्या पूर्ण लॅपवर निकाल.

फॉर्म्युला वनमध्ये निकालात नाव लागायला विजेत्याच्या अंतराच्या ९० टक्के अंतर कापावं लागतं. आपल्याकडे ५० टक्के ठेवा. निम्मी शर्यत खेळून लाईट गेलेल्याला तळाचे गुण मिळालेच पाहिजेत. मग हरायला लागलं की प्लग काढून "लाईट गेली दादा" म्हणणाऱ्यांचं काय? पुरावा मागत बसू नका, सिद्ध काहीच होत नाही. दोनच फेऱ्या वगळता येतात, तिसऱ्यांदा लाईट गेली तर नुकसान त्याचंच.

गुण. फॉर्म्युला वनचा २५-१८-१५-१२-१०-८-६-४-२-१ हा तक्ता छान दिसतो, पण त्यात अकराव्यापासून खाली शून्य आहे. १४ जणांच्या लीगमध्ये चार जण दर आठवड्याला रिकाम्या हातानं जातील आणि तेच आधी सोडतील. २०-१७-१५-१३-११-१०-९-८-७-६-५-४-३-२ असं उतरतं ठेवा. सर्वात वेगवान लॅपचा वेगळा गुण फॉर्म्युला वननंही २०२५ पासून काढून टाकला. तुम्हीही देऊ नका. शेवटच्या लॅपला नवे टायर घालायला उगाच पिटमध्ये (टायर-इंधनाच्या थांब्यावर) जाणारे वाढतात. गुण सारखे झाले तर ज्याचे पहिले नंबर जास्त तो वर, तेही सारखे तर दुसरे नंबर.

पैसा. प्रवेश फी गोळा करून त्यातून रोख बक्षीस देण्याच्या फंदात पडू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे भरून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. त्यात ई-स्पोर्ट्सची वेगळी वाट ठेवलेली असली तरी ती मान्यता आणि नोंदणीतून जाते, मित्रांच्या ग्रुपमधून नाही. ओळखीच्या दुकानदारानं चषक दिला तर आनंदानं घ्या.

## टप्पा ६: वेग मोजा आणि चाचणी शर्यत घ्या

सगळ्यांना एक ट्रॅक, एक गाडी आणि चार दिवस द्या. प्रत्येकानं आपल्या सर्वोत्तम लॅपचा स्क्रीनशॉट पाठवायचा. आता हिशेब. सर्वात वेगवान लॅप १ मिनिट ४० सेकंद, म्हणजे १०० सेकंद धरा. १०४ टक्क्यांवरचा खेळाडू दर लॅपला ४ सेकंद मागे पडतो. २० लॅपच्या शर्यतीत ८० सेकंद, म्हणजे तो त्याच लॅपवर शर्यत संपवतो. फॉर्म्युला वनच्या क्वालिफाइंगमधली (ग्रिडचा क्रम ठरवणाऱ्या फेरीतली) १०७ टक्क्यांची मर्यादा इथे लावली तर त्या मर्यादेवरचा माणूस दर लॅपला ७ सेकंदांनी मागे पडून पंधराव्या लॅपला गाठला जाईल. म्हणून १०४ टक्क्यांवर रेघ मारा. पलीकडचे सहापेक्षा जास्त असतील तर दुसरा विभाग काढा, कमी असतील तर एकाच ग्रिडवर घेऊन त्यांना सराव द्या.

मग पूर्ण लांबीची एक बिनगुणांची शर्यत घ्या. पाच लॅपची नाही, पूर्ण. टायर कधी संपतो, इंधन पुरतं का, रूम अर्धा तास टिकते का, हे पाच लॅपमध्ये कळत नाही.

रूमची सेटिंग लिहून ठेवा:

- बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स (गाड्यांची ताकद सारखी करणारी सेटिंग) चालू, ट्यूनिंग (गाडीत फेरफार) बंद. नाहीतर लीग गाडीच्या पैशांची होते.
- टायर झीज आणि इंधनाचा गुणक (ते किती पट लवकर संपतं) असा, की एक पिट स्टॉप घ्यावाच लागेल.
- कुठले ड्रायव्हिंग असिस्ट, म्हणजे खेळानं चालवताना दिलेली मदत, चालतील. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू द्या, नाहीतर कंट्रोलरवर खेळणारे नव्वद टक्के जण पळतील. काउंटर-स्टिअरिंग असिस्ट (घसरलेली गाडी आपोआप सावरणारा) बंद.
- विजेता आल्यावर शर्यत किती वेळ उघडी राहील. ही वेळ सर्वात मंद खेळाडूच्या एका लॅपपेक्षा जास्त हवी. वरच्या उदाहरणात दोन मिनिटं. ही कमी राहिली की मागचे चार जण रेषेच्या अलीकडे असतानाच बाद दिसतात आणि रात्री अकरा वाजता बोंब उठते.

तपासा: चाचणीत कुणाच्या गाडीनं उड्या मारल्या त्याची नावं घ्या. त्यांना दोन दिवस देऊन परत तपासा. "शर्यतीच्या दिवशी होईल नीट" हे उत्तर मान्य करू नका.

## टप्पा ७: शर्यतीची रात्र

आदल्या रात्री सगळ्यांना खेळ अपडेट करायला लावा. ग्रॅन टुरिस्मो ७ ला वरचेवर अपडेट येतात, त्यात कधी गाड्यांचा बॅलन्सही बदलतो. काही जीबीचं अपडेट हॉटस्पॉटवर शर्यतीच्या दहा मिनिटं आधी उतरत नाही. शर्यत चालू असताना घरातल्या कुणाचं मोठं डाउनलोड चालू नाही, हेही बघायला सांगा.

क्रम असा:

१. ९:४५ – रूम उघडा. नाव आणि आत यायची माहिती घोषणांच्या ग्रुपवर.
२. १०:०० – हजेरी. गाडी आणि टायर बरोबर आहे का ते बघा.
३. १०:०५ – सेटिंगचा फोटो समोर धरून एकेक ओळ तपासा. होस्टनं वाचायची, राखीव होस्टनं हो म्हणायचं.
४. १०:१५ – दहा मिनिटं क्वालिफाइंग. ग्रिडचा स्क्रीनशॉट.
५. १०:३० – शर्यत.
६. शर्यत संपताच निकालाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट दोघांनी काढायचा, आणि बाहेर पडायच्या आधी रिप्ले सेव्ह करायचा.

"येऊलालो, दोनच मिनिटं थांबा" हा मेसेज दर आठवड्याला येतो. थांबू नका. एकदा थांबलात की पुढच्या वेळी तीन जण दोन मिनिटं मागतात आणि वेळेवर आलेल्या बारा जणांची झोप जाते. उशिरा आलेल्याला क्वालिफाइंगनंतर मागून सुरुवात करता येईल, एवढीच सवलत.

सावधान: यूट्यूबवर थेट दाखवायचं असेल तर होस्टच्या लाईनवरून दाखवू नका, त्याचा अपलोड शर्यतीसाठी मोकळा हवा. रूममध्ये न खेळता बसलेल्या माणसाकडे ते काम द्या. नव्या चॅनेलवर थेट प्रक्षेपण सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ते आधीच चालू करून ठेवा.

## टप्पा ८: तक्रारी

शर्यतीच्या रात्री तक्रार घ्यायचीच नाही. डोकं तापलेलं असतं. दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत फॉर्मवर तक्रार, ग्रुपवर लिहिलेली धरली जाणार नाही. फॉर्ममध्ये लॅप, वळण, समोरच्याचा नंबर आणि क्लिप. क्लिप नसेल तर तक्रार बंद.

क्लिपसाठी आधीच तयारी लागते. पीएस ४ मूळ सेटिंगवर शेवटची १५ मिनिटंच जपतो. ४० मिनिटांच्या शर्यतीत तिसऱ्या लॅपची धडक तोवर पुसली गेलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन ६० मिनिटं करा. क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर दाबली जाते आणि अंतर कळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

निर्णय तिघांनी घ्यायचा. तिघांपैकी कुणीही त्या प्रसंगात नसावा आणि तिघं एका गावचे नसावेत. महसूल आयुक्तालय कुठे व्हावं यावरून लातूर-नांदेडचा जो वाद झाला तो सगळ्यांना ठाऊक आहे, पेनल्टीवरून परत नको. दोन विभाग असतील तर एका विभागाच्या तक्रारी दुसऱ्यानं बघाव्यात.

बघताना दोन्ही बाजूंच्या क्लिप मागवा. लाईनच्या विलंबामुळे प्रत्येक कन्सोलवर समोरच्याची गाडी किंचित वेगळ्या जागी दिसते. एकाच्या पडद्यावर घासलेली गाडी दुसऱ्याच्या पडद्यावर हातभर लांब असते. दोन्हींत धडक दिसत असेल तर दंड. एकातच दिसत असेल तर ती लाईनची चूक धरून सोडून द्या, पण त्या खेळाडूची केबल परत तपासा.

निकाल तीन ओळींत लिहा: काय घडलं, नियम कुठला, दंड किती. तक्रारीची मुदत संपल्यापासून ४८ तासांत. एका आठवड्याची तक्रार पुढच्या शर्यतीपर्यंत लोंबकळली तर ते दोघं पुढच्या शर्यतीत आपापला न्याय स्वतः करतात. अपील एकदाच, तेही नवी क्लिप असेल तरच.

त्यानंतर शीटमध्ये अंतिम निकाल भरा. रात्रीचा निकाल "तात्पुरता" आणि हा "अंतिम" असं स्पष्ट लिहा. शीट सगळ्यांना बघता यावी, बदलता फक्त दोघांना यावी.

हंगामाच्या मध्यात नियम बदलायची मागणी येणारच, बहुधा नुकताच दंड झालेल्याकडून. शीटमध्ये "पुढचा हंगाम" नावाचं एक पान ठेवा आणि ती मागणी तिथे नोंदवा. मध्येच फक्त दोन गोष्टी बदलता येतील: सुरू व्हायची वेळ आणि होस्ट.